आपण श्वास का रोखू शकत नाही? उत्तरासाठी स्वतःला पेटीत कोंडून घेणारा शास्त्रज्ञ : जॉन स्कॉट हॉल्डेन

उन्हाळ्यात ही बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून येतेच. विहिरीतला गाळ काढायला किंवा बंद पडलेली मोटर बघायला एक जण खाली उतरतो आणि परत वर येत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाच्या मागे शेजारी. शेवटी बातमीत तीन-चार नावं असतात.

त्यातल्या एकाच्याही अंगावर काही पडलेलं नसतं. पाणी गुडघाभर असतं, काही वेळा तेवढंही नसतं. खाली असते ती फक्त हवा. दिसायला साधी, वास नसलेली, पण श्वास घेण्यालायक नसलेली.

ही हवा नेमकी माणसाला कशी मारते, हे शोधण्यात एका स्कॉटिश डॉक्टरने आख्खं आयुष्य घालवलं. त्यासाठी तो खाणीत, गटारात उतरला, गरिबांच्या खोल्यांत शिरला आणि बऱ्याचदा ती हवा त्याने स्वतःच्याच छातीत भरून घेतली. त्याचं नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

मध्यरात्री बाटल्या घेऊन फिरणारा डॉक्टर

हॉल्डेनचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरामधल्या एका खानदानी घरात झाला. थोरला भाऊ रिचर्ड पुढे राजकारणात गेला आणि ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. जॉनने एडिंबरा विद्यापीठातून १८८४ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. त्याला रस होता तो माणूस ज्या हवेत जगतो त्या हवेत.

स्कॉटलंडमधलं डंडी हे तेव्हा तागाच्या गिरण्यांचं शहर होतं. गिरणी कामगारांची कुटुंबं एकेका खोलीत दाटीवाटीने राहायची. तिथल्या कॉलेजात काम करताना हॉल्डेन आणि त्याचे सहकारी मध्यरात्रीनंतर या घरांची दारं ठोठावायचे आणि झोपलेल्या माणसांच्या खोलीतली हवा बाटलीत भरून घ्यायचे. मग त्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे हे मोजायचे.

यामागचं गणित सोपं होतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू अगदी थोडा असतो. आज ते प्रमाण सुमारे ०.०४ टक्के आहे. आपण उच्छ्वासातून सोडतो त्या हवेत मात्र तो साधारण चार टक्के, म्हणजे शंभर पट असतो. त्यामुळे खोलीत तो जितका जास्त, तितकी तिथली हवा वापरलेली आणि शिळी. कोविडच्या काळात शाळा-ऑफिसांत हवा खेळती आहे का हे तपासायला जी छोटी कार्बन डायऑक्साइड मीटर्स लावली गेली, त्यांच्यामागचं तत्त्व हेच.

पेटीतला प्रयोग

१८८७ मध्ये हॉल्डेन ऑक्सफर्डला गेला. त्याचे मामा तिथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळात डॉक्टरांमध्ये एक वाद चालू होता. कोंदट खोलीत डोकं दुखतं, जीव घाबरतो, तो कशामुळे? काही मोठ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की माणसाच्या उच्छ्वासातून एक अज्ञात विष बाहेर पडतं.

हॉल्डेन आणि त्याचा सहकारी लॉरेन स्मिथ यांनी हे तपासायचं ठरवलं. त्यांनी माणूस मावेल एवढी हवाबंद पेटी बनवली आणि स्वतःच आत बसले. आत हवा तीच ती. प्रत्येक श्वासाबरोबर ऑक्सिजन कमी होत होता आणि कार्बन डायऑक्साइड वाढत होता.

या वायूचं प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर श्वास जोरात होऊ लागला. पुढे धाप लागली आणि डोकं ठणकायला लागलं. मग त्यांनी प्रयोग थोडा बदलला. आतला कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून घेतला आणि ऑक्सिजन मात्र कमी होऊ दिला. आता तशी धाप लागली नाही.

दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, उच्छ्वासात कुठलंही गूढ विष नाही. दोन, कोंडलेल्या हवेत आधी त्रास देतो तो ऑक्सिजनचा अभाव नाही, तर साठलेला कार्बन डायऑक्साइड.

आजही अनेकांना वाटतं की हा वायू फक्त ऑक्सिजनची जागा अडवतो म्हणून धोकादायक आहे. तसं नाही. ऑक्सिजन पुरेसा असतानाही तो वाढला की रक्त आम्लधर्मी होऊ लागतं, डोकं गरगरतं, विचार करणं अवघड होतं. हवेत तो दहा टक्क्यांवर गेला की काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. दिवसभर आठ तास काम करायच्या जागी तो ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, ही मर्यादा आज अनेक देशांत पाळली जाते.

खाणीतले तीन शत्रू

त्या काळात ब्रिटन कोळशावर चालत होता आणि खाणींत माणसं मरत होती. खाण कामगारांनी तिथल्या घातक वायूंना स्वतःची नावं दिली होती. पेट घेणारा तो फायरडॅम्प, म्हणजे मिथेन. स्फोटानंतर उरणारा तो आफ्टरडॅम्प. आणि जुन्या, बंद पडलेल्या बोगद्यांत साठणारा, दिवा विझवणारा तो ब्लॅकडॅम्प.

ब्लॅकडॅम्प म्हणजे कार्बन डायऑक्साइडच, असा समज होता. हॉल्डेनने खाणीत उतरून नमुने आणले, मोजले, तेव्हा वेगळंच निघालं. त्यात बहुतेक भाग नायट्रोजनचा होता आणि कार्बन डायऑक्साइड साधारण तेरा टक्के. खाणीतला कोळसा हळूहळू हवेतला ऑक्सिजन खात होता आणि मागे उरत होतं ते हे मिश्रण.

२७ जानेवारी १८९६ ला वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला आणि ५७ जण गेले. हॉल्डेन तिथे पोचला आणि त्याने मृतदेह तपासले. सगळ्यांना वाटत होतं की माणसं स्फोटाच्या धक्क्याने किंवा भाजून मेली. पण अनेकांच्या त्वचेला गुलाबी-लालसर छटा होती. ती खूण होती कार्बन मोनॉक्साइडची. म्हणजे बहुतेक जण स्फोटातून वाचले होते आणि नंतर त्या हवेने गेले.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन वेगळे वायू आहेत. मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. धाप लागत नाही, पुरेशी सूचनाही मिळत नाही. हॉल्डेनने तो स्वतः हुंगून बघितला होता, रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन अडेपर्यंत.

त्यावर त्याने सुचवलेला उपाय जगभर प्रसिद्ध झाला. उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्या. त्यांचा श्वास माणसापेक्षा खूप जलद चालतो, त्यामुळे विषारी हवेचा परिणाम त्यांच्यावर आधी दिसतो. पिंजऱ्यातली कॅनरी आडवी झाली की माणसांनी बाहेर पडायचं. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी हटवण्याचा निर्णय झाला तो थेट १९८६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर.

वर कोण, खाली कोण?

हॉल्डेनचा मुलगा जॅक, म्हणजे पुढचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, लहानपणापासून वडिलांबरोबर खाणीत जायचा. एकदा वडिलांनी त्याला एका बोगद्यात उभं केलं आणि शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातलं भाषण म्हणायला सांगितलं. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडल्यावर मात्र त्याला व्यवस्थित श्वास घेता आला.

कारण तिथे मिथेन होता. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छताशी जमतो. धडा जॅकच्या कायमचा लक्षात राहिला.

कार्बन डायऑक्साइड याच्या बरोबर उलट वागतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. वारा नसेल तर तो पाण्यासारखा उताराकडे वाहतो आणि खड्ड्यात, तळघरात, विहिरीच्या तळाशी साठतो. तिथे खाली वाकलेला किंवा चक्कर येऊन पडलेला माणूस सुटत नाही, उलट आणखी दाट वायूत जातो.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात घडलं. ऑगस्ट १९८६ मध्ये तिथल्या न्योस तलावाच्या तळाशी विरघळून राहिलेला कार्बन डायऑक्साइड एका रात्रीत उसळून बाहेर आला, दऱ्यांमधून खाली उतरला आणि सुमारे १,७०० माणसं गेली. बरेच जण झोपेतच गेले.

श्वासाचा मालक कोण?

आता हॉल्डेनच्या सगळ्यात मोठ्या शोधाकडे येऊ. १९०५ मध्ये त्याने जॉन प्रिस्टली या तरुण सहकाऱ्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. आपण श्वास किती जोरात घ्यायचा, हे शरीर कशावरून ठरवतं?

सगळ्यांना वाटायचं, ऑक्सिजनवरून. हॉल्डेनने फुप्फुसांच्या अगदी आतल्या हवेचा नमुना घ्यायची सोपी युक्ती काढली. लांब नळीत जोरात उच्छ्वास सोडायचा आणि शेवटी बाहेर आलेली हवा पकडायची. डोंगरमाथ्यावर, खोल खाणीच्या तळाशी, दाब वाढवलेल्या खोलीत, सगळीकडे नमुने घेतले. त्यातून दिसलं की शरीर आतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळपास एका पातळीवर धरून ठेवतं. साध्या हवेत हे प्रमाण सुमारे ५.६ टक्के भरतं. ते फक्त ०.२ टक्क्यांनी वाढलं तरी श्वासाचं काम दुप्पट होतं.

म्हणजे श्वास रोखून धरल्यावर काही सेकंदांनी छातीत जी असह्य धडपड सुरू होते, ती मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. तो आपल्या शरीराचा भोंगा आहे.

याचा एक धोकादायक अर्थही निघतो. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही पोहणारे बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने शरीरातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. भोंगा उशिरा वाजतो. तोवर ऑक्सिजन संपतो आणि चांगला पोहणारा माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. ही युक्ती कुणी रीलमध्ये शिकवत असेल, तर तिथेच थांबा.

पाणबुड्यांची धाप

ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांची तक्रार होती की खोल गेलं की दम लागतो आणि काम होत नाही. हॉल्डेनने त्यांच्या शिरस्त्राणातली हवा तपासली. वरून पंपाने येणारी हवा कमी पडत होती आणि आत उच्छ्वास साठत होता. पाण्यावर जे दोन टक्के चालून जातात, तेच दुप्पट दाबाखाली चार टक्क्यांसारखे लागतात. उपाय साधा होता : जितकं खोल, तितकी जास्त हवा पाठवा. त्यानंतर पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर कसं यावं याची कोष्टकंही त्याने सहकाऱ्यांसह तयार केली. १९०८ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आजच्या डायव्हिंगच्या नियमांचा पाया तिथेच आहे.

पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, जर्मन फौजेने क्लोरीन सोडला तेव्हा ब्रिटिश सरकारला पुन्हा हॉल्डेन आठवला. तो फ्रान्सला गेला, वायू ओळखला आणि परत येऊन मास्क तपासायला स्वतः क्लोरीनच्या खोलीत बसला. साठीकडे झुकलेल्या माणसाचा हा हट्ट होता.

पंचाहत्तरी गाठल्यावरही तो थांबला नाही. तेल कारखान्यांतल्या कामगारांना उष्माघात का होतो हे बघायला तो इराण-इराकला गेला. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डमध्ये त्याचं निधन झालं. ऑक्सिजनचा उपचार शास्त्रशुद्ध कसा द्यायचा हे जगाला शिकवणारा माणूस शेवटी ऑक्सिजनच्या तंबूतच होता. मुलगा जॅक पुढे १९५७ मध्ये भारतात आला, इथलाच नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

१८९५ मध्ये लंडनजवळच्या ईस्ट हॅममध्ये एक कामगार गटारात उतरला आणि कोसळला. त्याला वाचवायला एकामागून एक माणसं उतरली. पाच जण गेले. चौकशीचं काम हॉल्डेनकडे आलं. तिथला वायू हायड्रोजन सल्फाइड निघाला. वायू वेगळा, पण मरण्याची पद्धत तीच, जी आपण आजही विहिरी आणि मैला टाक्यांबाबत वाचतो. म्हणून :

वाचवायला उतरू नका. खाली कोणी कोसळलं असेल तर पहिलं काम फोनचं. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१. वरून ब्लोअर किंवा पंख्याने ताजी हवा आत सोडा. आत जाणाऱ्याकडे स्वतःची हवा पुरवणारा श्वसनसंच हवा. ओला रुमाल किंवा एन-९५ मास्क वायू अडवत नाही.

दिव्यावर भरवसा नको. विहिरीत कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघायची पद्धत जुनी आहे. दिवा विझला तर उतरायचं नाही, हे खरंच. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नाही. ताज्या हवेत कार्बन डायऑक्साइड मिसळून तो दहा टक्क्यांवर गेला तरी ज्योत टिकू शकते, माणूस मात्र टिकत नाही. आणि आत मिथेन असेल तर ज्योतीनेच भडका उडेल. वायू मोजणारं यंत्र वापरा. मैला टाकी आणि गटारात माणसाला संरक्षणाशिवाय उतरवणं तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आंबवण्याच्या टाक्या. नाशिककडच्या वायनरींत द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा एका लिटर रसातून चाळीस लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. टाकी रिकामी केली तरी वायू तळाशी राहतो. साफ करण्याआधी हवा खेळवायची, मोजायची, आणि बाहेर एक माणूस उभा ठेवायचा.

ड्राय आइस. लग्नात नवरा-नवरीच्या एंट्रीला जो पांढरा धूर जमिनीवर पसरतो, तो बऱ्याचदा ड्राय आइसमुळे तयार होतो. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. उघड्या हाताने धरला तर त्वचा भाजल्यासारखी होते. खायचा तर अजिबात नाही. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत जेवणानंतर मुखवास म्हणून तो दिला गेला आणि ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या. एका किलोचा पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत भरू नका, स्फोट होईल. बंद गाडीतून नेऊ नका. आणि लहान मुलांना त्या धुरात जमिनीवर बसू देऊ नका, कारण वायू नेमका त्याच उंचीवर असतो.

सिलिंडर. सोडा मशीनच्या सिलिंडरमध्ये हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. वीस अंशाला दाब वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो. तापमान ३१ अंशांच्या वर गेलं की आत द्रव राहतच नाही, आणि भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे हे तापमान वर्षातले कितीतरी महिने असतं. सिलिंडर सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवा. तळघरात किंवा खिडकी नसलेल्या खोलीत नको. विजेच्या आगीसाठीचं कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक यंत्र छोट्या खोलीत वापरलं तर लगेच बाहेर पडा. त्याचं नळकांडं हाताने धरू नका, ते गोठतं.

हे सगळं वाचून कार्बन डायऑक्साइड खलनायक वाटेल. पण हॉल्डेननेच दाखवलं की हाच वायू आत्ता, हे वाचताना, तुमचा प्रत्येक श्वास चालवतो आहे. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे. आणि ते नाकाला कळत नाही, डोळ्यांना कळत नाही, धाडसाने तर मुळीच कळत नाही. ते मोजावं लागतं. खाली भाऊ पडलेला असताना काठावर थांबून आधी फोन करणं फार अवघड आहे. पण दुसरा जीव वाचतो तो तिथेच.